सुस्काऱ्याचं उत्तर

ज्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं ते जेमतेम एका पानाचं होतं आणि त्यात एकच प्रश्न होता. लिहिणाऱ्या बाईचं नाव मला माहीत नव्हतं, तिला माझं. पाकिटावर निळ्या शाईत ‘श्वासदात्यास’ एवढंच होतं, आणि खाली रुग्णालयाच्या कचेरीचा शिक्का.

‘आपण मला दोन दिवस श्वास दिलात,’ तिनं लिहिलं होतं. ‘मी वाचले, माझा मुलगा वाचला. उपकार आहेतच. पण एक विचारायचं आहे. तेव्हापासून मी सुस्कारे टाकते. आधी टाकत नव्हते. सासूबाईंना ते चालत नाही. तिन्हीसांजेला सुस्कारा टाकला की लक्ष्मी उंबऱ्यावरून परत जाते म्हणतात. नवरा म्हणतो, तुला या घरात काय कमी आहे ते एकदा सांगून टाक. मला काही कमी नाही. हे सुस्कारे माझे नाहीत, तुमचे आहेत. त्या दोन दिवसांत तुम्हाला कसली काळजी होती तेवढं कळवाल का? म्हणजे मला घरी सांगता येईल.’

पत्र येऊन दोन दिवाळ्या उलटल्या. मी उत्तर लिहीत नव्हतो असं नाही. सतत लिहीत होतो. नोकरी सगळी पंचांगाच्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. तिथी-नक्षत्रांचा एक आकडा चुकला तर कुणाचं तरी लग्न भलत्या वेळी लागायचं, त्यामुळे कागद हातावेगळा करण्याआधी पुन्हा पुन्हा पाहायची खोड लागली ती गेली नाही. उत्तराच्या प्रत्येक खर्ड्यात मी एक काळजी लिहायचो. गॅस बंद केला होता की नाही. बायकोचा गुडघा. वाचनालयाचं परत न केलेलं पुस्तक. दुसऱ्या दिवशी वाचलं की ती काळजी खोटी वाटायची. निदान एखाद्या बाईचं घर बिघडवण्याएवढी मोठी नक्कीच वाटायची नाही. मग खर्डा फाडायचा.

हे सगळं काय होतं ते आधी सांगायला हवं. मी शास्त्रातला माणूस नाही. रुग्णालयातल्या डॉक्टर मुजावरांनी समजावलं ते जसं समजलं तसं लिहितो. चुकलं असेल तर त्यांच्याकडे बोट दाखवू नये.

खोल भूल दिली की माणूस आपणहून श्वास घेत नाही. घशातून नळी घालून यंत्र त्याच्या छातीत हवा ढकलतं. पूर्वी हे यंत्र घड्याळासारखं चालायचं, दर वेळी तेवढीच हवा, तेवढ्याच अंतरानं. पण जिवंत माणूस असा श्वास घेत नाही. एक लहान, एक मोठा, मध्येच एखादा रेंगाळलेला, आणि दर थोड्या वेळानं, स्वतःला कळायच्या आत, एक दुप्पट मोठा. फुफ्फुसात कोट्यवधी इवले इवले फुगे असतात. श्वास एकसुरी राहिला की त्यातले काही मिटतात आणि ओल्या पिशवीच्या तोंडासारखे आतून चिकटून बसतात. तो दुप्पट श्वास त्यांना फोडून उघडतो. त्यालाच आपण सुस्कारा म्हणतो.

गरोदर बाईचं आणखी अवघड. पोटातलं बाळ छातीखालच्या पडद्याला खालून वर रेटतं, फुफ्फुसाला जागा उरत नाही आणि प्राणवायू तर दोघांना लागतो. म्हणून सिझेरियनला शक्यतो पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करतात. बाई जागी राहते, आपला श्वास आपण घेते. पण रक्तदाब चढून फुफ्फुसात पाणी झालं, रक्त नीट गोठेना, तर पाठीत सुई घालता येत नाही. मग पूर्ण भूल आणि यंत्र, आणि आधीच भिजलेली फुफ्फुसं त्या एकसुरी श्वासाखाली आणखी मिटत जातात.

यंत्राला संगणकाकडून वेडावाकडा श्वास घ्यायला लावून पाहिलं. थोडा फरक पडला. मग कुणीतरी एका जिवंत माणसाचाच श्वास यंत्राला जोडून पाहिला. दात्याच्या छातीभोवती एक पट्टा असतो. त्याची छाती जशी फुलते तसं यंत्र पलीकडच्या खोलीतल्या रुग्णाला हवा देतं. आणि रुग्णाची फुफ्फुसं जेवढी ताठरतील तेवढा तो पट्टा दात्याला आवळतो. म्हणजे निरोप दोन्ही बाजूंनी जातो. ध्वनिमुद्रण केलेल्या श्वासाला पलीकडचं काही कळत नाही, म्हणून माणूस बसवावा लागतो. याला जोडश्वास म्हणतात. पेट्रोलच्या रिक्षा बंद झाल्या त्या वर्षी मिरजेत ही सोय आली.

कुमुद, म्हणजे माझी पत्नी, हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिथेच झालं. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर रुबीना मुजावर पट्टे बांधून बघत होत्या. त्या तिथल्या भूलतज्ज्ञ. उंच, घाईत असणाऱ्या, आणि बोलण्यात कुणाला न सोडणाऱ्या. माझा पट्टा सोडला तेव्हा त्या यंत्राच्या पडद्याकडे पाहत राहिल्या.

“लाटकरकाका, तुम्ही नेहमी असाच श्वास घेता?”

“म्हणजे काही बिघाड आहे का?”

“बिघाड कसला. असा अस्वस्थ माणूस आम्ही वर्षभर शोधतोय. शांत माणसांचा श्वास फार सपाट असतो हो. ध्यानधारणा करणारे तर अगदी निरुपयोगी.”

कुमुदला शुद्ध आल्यावर हे सांगितलं. ती म्हणाली, “लग्न झाल्यापासून सांगतेय, सुस्कारे टाकू नका, सुस्कारे टाकू नका. आता सरकार त्याचा चहा पाजणार होय?”

दात्याचं नाव रुग्णाला कळू द्यायचं नाही असा नियम पुढे करावा लागला, कारण लोक लोकच आहेत. दाता कुणातला, विचारायचे. आमच्या घरचाच बसवा म्हणून सासरे अडून बसायचे. एका गृहस्थानं डॉक्टरांना विचारलं होतं, दाता शाकाहारी आहे ना? पत्रंसुद्धा म्हणूनच कागदावर, कचेरीमार्फत. तिथल्या पाटणकरबाई नावगाव दिसलं की काळ्या पेनानं खोडून मगच पुढे पाठवतात.

त्या बाईसाठी मी बसलो तेव्हा तिचं पहिलं बाळंतपण होतं. फुफ्फुसात पाणी. ऑपरेशन झाल्यावरही तिला दोन दिवस यंत्रावर ठेवलं. आम्ही दाते पाळीपाळीनं बसलो, पण तिचा प्राणवायू माझ्या पाळीत चढायचा आणि दुसऱ्याच्या पाळीत उतरायचा, म्हणून पुष्कळ वेळ मीच होतो. हातात पुस्तक घेऊन बसायची परवानगी असते. हसवणारं चालत नाही. छातीवर कुणाचं तरी वजन येतं, जातं. इतकं जवळचं काही मला आयुष्यात कुणाबरोबर अनुभवायला मिळालेलं नाही, हे लिहिताना संकोच वाटतो. तिचा चेहरा मी पाहिला नाही. पलंग सात, एवढंच माहीत होतं.

त्यानंतर घरी चमत्कारिक झालं. दोन-तीन दिवसांनी दुपारी जरा आडवा झालो होतो. कुमुद शेजारी पेपर वाचत होती. मी जागा झालो तर ती माझ्याकडे टक लावून बघत बसलेली.

“काय गं?”

“हा तुमचा श्वास नाही.”

“मग कुणाचा?”

“मला काय माहीत? कुणा बाईमाणसाचा वाटतो.”

डॉक्टर म्हणाल्या, होतं असं. दोघं काही तास एकत्र चालली की पावलं सारखी पडायला लागतात, तसंच. महिनाभरात जातं. गेलंही. पण तो महिना कुमुद बाहेरच्या खोलीत निजली. म्हणायची, झोप येत नाही, परक्या माणसाशेजारी निजल्यासारखं वाटतं. मी वादाला जागा ठेवली नाही. मला तर मीही परकाच वाटत होतो.

रुग्णांमध्येही ही सवय महिनाभरात जाते, असं डॉक्टरांच्या पुस्तकात होतं. त्या बाईची गेली नव्हती. म्हणून पत्र.

परवा, म्हणजे मागच्या पौषात, सकाळी अकराच्या सुमाराला डॉक्टरांचा फोन आला.

“काका, आज येऊ शकाल?”

“मी आता यादीत नाही डॉक्टर. सत्तरी झाल्यावर नाव काढलं.”

“मला माहीत आहे. मीच काढलं. या.” मग म्हणाल्या, “सांगू नये, पण तुमची पलंग सात आहे. दुसरं बाळंतपण. आठवा महिना, आणि फ्लूचा न्युमोनिया झालाय. पाणी झालं होतं तेव्हाचे व्रण फुफ्फुसात आहेतच. दुपारपर्यंत भूल देऊन बाळ काढावं लागेल. आधी दोन दाते लावून बघितले. नळी न घालता, मुखवट्यावर. ती त्यांच्याशी भांडतेय.”

“भांडतेय म्हणजे?”

“तिचा श्वास त्यांच्याशी जमत नाही. तुमचा एकदा जमलाय.”

मी चप्पल शोधायला लागलो. कुमुद दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती नको म्हणेल. खरं सांगायचं तर ती नको म्हणाली असती तर बरं, असंही एक क्षण वाटलं. मी म्हातारा झालोय. मधूनमधून खोकतो. माझ्या छातीवर दोन जीव टांगायचे म्हणजे काय.

“जा,” ती म्हणाली. “पण येताना तुमचाच घेऊन या.”

रुग्णालयात डॉक्टर मला दात्याच्या खोलीत घेऊन गेल्या, पण पट्टा बांधेनात. भिंतीपलीकडे यंत्राची टिकटिक ऐकू येत होती.

“एक अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “ती अजून शुद्धीवर आहे. मुखवट्यावर प्राणवायू चाललाय, बोलायला धाप लागते, पाटीवर लिहिते. मी सांगितलं, मागचे दाते येताहेत. तिनं काय लिहिलं बघा.”

पाटी त्यांनी आणली होती. अक्षर थरथरलेलं, पण ओळख पटण्यासारखं: ‘ते नकोत. त्यांनी उत्तर दिलं नाही.’

मी पाटी पुन्हा वाचली.

“रुग्णानं दात्याला नाही म्हटलं की नाही. सही तिची लागते,” डॉक्टर म्हणाल्या. “काका, तुम्ही पत्राला उत्तर का दिलं नाहीत?”

“बरोबर उत्तर सापडलं नाही.”

“परीक्षेला बसला होता का?” त्यांनी खिशातून एक कोरा केसपेपर काढला. “आता लिहा. पाटणकरबाईंना मी बघून घेते. पण लवकर. ती दमत चाललीय. श्वास घेणारे स्नायूसुद्धा थकतात, माहीत आहे ना? थकले की मला परवानगीची वाट बघता येणार नाही, आणि मग यंत्राचा सपाट श्वास लावावा लागेल. तो तिला पुरणार नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा मी न तपासता लिहिलं. ‘बाई, त्या दिवशी मला कसली काळजी होती हे मला माहीत नाही. दोन वर्षं शोधतोय. सापडली नाही म्हणून उत्तर दिलं नाही. आज कसली आहे ते मात्र माहीत आहे. तुमची.’

डॉक्टरांनी वाचलं. “एवढंच? याला दोन वर्षं?”

त्या आत गेल्या. मी भिंतीकडे बघत बसलो. मी काय लिहिलं होतं ते मनात पुन्हा वाचत होतो, आणि ‘तुमची’ हा शब्द जास्त सलगीचा झाला असं वाटत होतं. डॉक्टर परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात सही होती, आणि पाटीही.

‘चालेल. पण सुस्कारे देऊ नका. घरी पुन्हा तेच नको.’

“मी तिला सांगितलं, सुस्कारे औषधासारखे आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “ऐकत नाही. शेवटी असं ठरलं, तुमचे सुस्कारे मी गाळीन, त्याऐवजी यंत्राचे देईन. मात्र तिच्या किंवा बाळाच्या जिवावर बेतलं तर मला योग्य वाटेल ते करीन. त्याला तिनं मान हलवलीय. पण गाळण्यावर मी विसंबत नाही. तुमच्याही बाजूनं जमेल तेवढं सांभाळा.”

“सांभाळतो,” मी म्हणालो. मी शब्द दिला.

पट्टा बांधला. थोड्या वेळानं तो एकदम सैल पडला, म्हणजे तिला भूल चढली, आणि मग नळी बसली तसा तो पुन्हा भरला. मागच्या वेळी छातीवर ओल्या कापसाचं वजन वाटलं होतं. या वेळी वाळत घातलेलं कातडं ताणल्यासारखं. मी बेतानं श्वास घ्यायला लागलो. घरात पाहुणे असताना जसा घेतो तसा. सुस्कारा येईल असं वाटलं की ओठ मिटायचे, आवंढा गिळायचा. कुमुदच्या माहेरी जेवायला बसलो की मी हेच करत आलो, त्यामुळे सराव होता.

यंत्र आपले सुस्कारे वेळेवर देत होतं. दर वेळी पट्टा फुगायचा, ओसरायचा. आणि दर वेळी मला वाटायचं, आत्ता नको होता.

पलीकडून डॉक्टरांचा आवाज येत होता. “ब्याण्णव.” मग कात्रीचे, हत्यारांचे आवाज. “नव्वद.” नंतर सर्जनचा, “किती वेळ आहे माझ्याकडे?” त्यावर डॉक्टरांचं, “काढा लवकर बाळ.” हे आकडे रक्तातल्या प्राणवायूचे. नव्वदीच्या खाली गेले की बाळाचे ठोके मंदावतात.

पट्टा आवळत चालला होता. मी मिटलेले ओठ आणखी मिटले. शब्द दिलाय. तिच्या घरात पुन्हा तेच नको. सासू, उंबरा, तिन्हीसांजा. मी माझ्या काळज्या छातीत दाबून धरल्या होत्या, एकही पलीकडे जाऊ द्यायची नाही म्हणून.

“सत्त्याऐंशी.” दार उघडून डॉक्टर आत आल्या. मुखपट्टीवरचे डोळे तेवढे दिसत होते. “काका, दाबताय तुम्ही.”

“तिला शब्द दिलाय.”

“मीही दिलाय, आणि अटही घातलीय. बाळाचे ठोके उतरताहेत. गाळणी मी बंद केलीय. सोडा.”

त्या गेल्या. मी तरीही लगेच सोडलं नाही, असं मला आठवतं. काही श्वास गेले. मग पट्टा असा आवळला की बरगड्या दुखल्या, आणि माझ्या मनाला काही न विचारता छाती उघडली. दीर्घ, मोठा, लाजिरवाणा सुस्कारा. आणि पट्टा सैल झाला. गाठ सुटावी तसा.

मी स्वतःवर पाळत ठेवायला लागलो. ती खोडही छापखान्यातलीच. पट्टा पुन्हा हळूहळू आवळायला लागला. मी मुद्दाम काहीच केलं नाही, कसली काळजीही केली नाही. उलट त्या क्षणी माझं मन कोरं होतं. दोन श्वास गेले, तिसऱ्याला छातीनं आपणहून सुस्कारा टाकला. पट्टा सैल. पुन्हा आवळला, पुन्हा सुस्कारा. आधी पट्टा, मग सुस्कारा. एकदाही उलटं झालं नाही.

ती मागत होती. मी देत होतो. एवढंच होतं ते.

“एक्याण्णव,” पलीकडून ऐकू आलं. मग एक किरटं, रागावलेलं रडणं. मुलगी.

तिला यंत्रावर आणखी तीन दिवस ठेवलं. मला डॉक्टरांनी त्या दिवशी संध्याकाळी आणि पुढच्या दोन सकाळी बसवलं, बाकी वेळ तरुण दात्यांना माझ्यासारखं बसायला शिकवलं. “अस्वस्थ व्हा,” त्या त्यांना दटावायच्या, “काका बघा कसे बसतात.” चौथ्या दिवशी नळी निघाली. मी घरी जायला निघालो तेव्हा त्यांनी मला पडद्यावर रेघा दाखवल्या. वरची तिच्या फुफ्फुसाची, खालची माझ्या छातीची. मागच्या बाळंतपणाच्या वेळच्याही काढून ठेवल्या होत्या. सगळीकडे तेच. आधी वरची रेघ ताठ, मग खालच्या रेघेला उंचवटा.

“हे मागच्या वेळीच बघायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “आम्ही धरून चाललो की दाता देतो. दात्याकडून कुणीतरी घेतं, असं वाचलंच नाही.”

“मग ती अजून सुस्कारे का टाकते? मी तर तिच्या घरी नव्हतो.”

“व्रण आहेत ना. तिथले फुगे लवकर मिटतात. म्हणून फुफ्फुस पुन्हा पुन्हा मागतं. आता थोडे वाढतीलही.” त्यांनी पडदा बंद केला. “तुमचं काय ते तुम्हाला ठाऊक. तुम्हाला लहानपणी दमा होता का?”

होता. आई मला उशीला टेकवून बसवायची. त्यानंतर कुणी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर मी उत्तर लिहिलं. या वेळी एकच खर्डा झाला. खोटं बोलणार नाही, त्यात खाडाखोड होती. कुमुदला वाचायला दिलं, कारण एवढ्या मोठ्या गोष्टीवर माझ्या एकट्याचा विश्वास नव्हता. तिनं चष्मा लावला आणि ओट्याशी उभ्या उभ्या वाचलं.

‘बाई, मी शब्द मोडला. सुस्कारे देऊ नका म्हणालात, मी दिले. त्याबद्दल डॉक्टरांना बोल लावू नका. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातच मिळालं. ते सुस्कारे माझ्या काळजीचे नव्हते. तुमची फुफ्फुसं मिटत होती, ती उघडायला मोठा श्वास मागत होती. तुमच्या छातीला तो घेता येत नव्हता म्हणून माझ्या छातीनं घेतला. आता तो तुमचा तुम्हाला घेता येतो. म्हणजे तो सुस्कारा पहिल्यापासून तुमचाच आहे, पण दुःखाचा नाही. सासूबाईंना सांगा, घरातलं काही कमी पडलं म्हणून सून सुस्कारे टाकत नाही. मिटलेलं उघडतं, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना पटेल की नाही, मला खात्री नाही. मला कसलीच खात्री नसते. पण हे मी स्वतः पाहिलं आहे. दाबू नका.’

कुमुदनं वाचून कागद खाली ठेवला, परत उचलला.

“काही चुकलंय का?” मी विचारलं.

“चुकलं नाही.” तिनं चष्मा काढला. “लग्न होऊन आले तेव्हा तुमची आई म्हणायची, तो आधी एवढे सुस्कारे टाकत नव्हता गं. म्हणजे माझ्यामुळेच सुरू झालं, असं मी धरून चालले. तुम्ही जेवायला बसून सुस्कारा टाकला की मला वाटायचं, आमटी बिघडली. संध्याकाळी टाकला की वाटायचं, दुसरी कुणी हवी होती यांना.”

“कुमुद.”

“विचारलं नाही कधी. तुम्ही हो म्हणाला असतात तर?”

मला दमा होता हे तिला माहीत नव्हतं, कारण तो सांगण्यासारखा आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. तिच्या त्या दटावणीत इतक्या वर्षांत किती भीती असेल, ते मी एकदाही तपासून पाहिलं नव्हतं. आणि मी मुद्रितं तपासणारा.

“मलाच ठाऊक नव्हतं,” मी म्हणालो. “आमटी चांगली असते.”

“आता कशाला खोटं बोलता,” ती म्हणाली, आणि पाकीट शोधायला गेली.

त्या दिवशी ती बाहेरच्या खोलीत निजायला गेली नाही. माझा श्वास कुणाचा आहे हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मला ते अजून नीट कळत नव्हतं.

सकाळी आम्ही दोघं पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेलो. तिचा नवा गुडघा बरा चालतो. माझाच वेग कमी पडतो. पाकिटावर कचेरीचा पत्ता, खाली ‘पलंग सात यांस’. पाटणकरबाई वाचतील, खोडण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी पाकीट फटीत अर्धं घातलं आणि थांबलो. ‘मिटलेलं उघडतं’ या वाक्यात काही राहून गेलंय असं वाटत होतं. एकदा बाहेर काढून बघावं.

मागे भाजीची पिशवी या हातातून त्या हातात झाली.

“अहो,” कुमुद म्हणाली, “बाई वाट बघतेय.”

मी पाकीट सोडलं. ते आत खाली पडल्याचा आवाज आला.